टोकियोत हजार येनमध्ये तेइशोकु लंच: कुठं जायचं, कधी जायचं, काय मागवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की कंपनीच्या ट्रेनिंगसाठी तीन महिने पुण्याहून टोकियोला येताय, ऑफिस शिम्बाशीजवळ आहे, दुपारच्या जेवणाचं बजेट हजार येनच्या आसपास आहे, जपानी येत नाही, मासे आणि चिकन चालतं पण बीफ-पोर्क नको, आणि डिसेंबरमध्ये मिसेस येणार आहेत त्या प्युअर व्हेज आहेत. मी इथं एका छोट्या तेइशोकुच्या (म्हणजे भात, सूप आणि मेन डिश असं ठरलेलं ताट) दुकानात बरीच वर्षं किचन सांभाळतोय, त्यामुळं काउंटरच्या आतून जे दिसतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे बजेटची काळजी करू नका. हजार येन म्हणजे आजच्या भावानं साधारण सहाशे रुपयांच्या आतबाहेर, आणि तेवढ्यात शिम्बाशीसारख्या भागात गरम भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूप, एक मेन डिश, एखादी छोटी वाटी आणि लोणचं असं पूर्ण जेवण अजूनही मिळतं. पूर्वी आठशेत मिळायचं ते आता नऊशे ते बाराशेवर गेलंय हे खरं. तांदळाचाच भाव बघा ना, 2025 च्या वसंतात सुपरमार्केटमध्ये पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर गेली होती, एक-दोन वर्षांपूर्वीच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळं काही दुकानांनी फुकटचा जास्तीचा भात बंद केला, काहींनी पन्नास-शंभर येन लावायला सुरुवात केली. तरीही रात्रीच्या मानानं दुपारचं जेवण प्रचंड स्वस्त आहे आणि ते का स्वस्त आहे हे कळलं की काय मागवायचं हे आपोआप कळतं, म्हणून आधी तेच सांगतो.

रात्री माणशी पाच-सहा हजार येन बिल होणारं दुकान दुपारी हजारात जेवू घालतं ते कसं परवडतं? दुकानाचं भाडं काही फक्त रात्रीचं नसतं, ते पूर्ण महिन्याचं भरायचंच असतं. रात्रीच्या तयारीसाठी आम्ही सकाळपासून आत असतोच, मासा साफ करायचा असतो, दाशी म्हणजे सूप-रसाचा मूळ अर्क काढायचा असतो, भाज्या कापायच्या असतात, म्हणजे माणसं आहेत, गॅस पेटलेला आहे, मग दोन-अडीच तास दुकान उघडून चार-पाचच आयटम करायचे आणि एकेका खुर्चीवर तीन-तीन माणसं जेवून उठतील असं बघायचं. दुपारी सहसा कोणी पीत बसत नाही त्यामुळं रेंगाळत नाही. धंद्याचा साधा हिशोब असा असतो की पदार्थाच्या किमतीत मालाचा खर्च तीस टक्क्यांच्या आसपास असावा, दुपारी आम्ही तो बराच वर जाऊ देतो कारण दुपारी जेवून खुश झालेला माणूस रात्री मित्रांना घेऊन येतो. आणि माल वाया जात नाही हे सगळ्यात मोठं. साशिमीसाठी, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांसाठी, मासा कापला की कडेचे, शेपटीकडचे तुकडे उरतात, चव तीच, फक्त आकार रात्रीच्या प्लेटमध्ये शोभत नाही, ते दुपारच्या काइसेनदोनमध्ये म्हणजे भातावरच्या कच्च्या माशात जातात. माशाचं डोकं आणि काटे सूपमध्ये जातात. गिऱ्हाईकाला हलकं काही मिळतंय असं बिलकुल नाही, उलट त्या भावात रात्री तो मासा तुम्हाला मिळणारच नाही.

म्हणून माझा सल्ला एकच आहे, हिगावारी घ्या. हिगावारी म्हणजे त्या दिवसाचं ताट, रोज बदलणारं. दाराबाहेर छोट्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं किंवा कागद चिकटवलेला असतो, बहुतेक वेळा सगळ्यात वर, आणि बहुतेक वेळा बाकीच्यांपेक्षा पन्नास-शंभर येन कमी. नवीन माणूस हमखास फोटोवाला मेन्यू उघडतो आणि कराआगे (तळलेलं चिकन) किंवा तेम्पुरा (पिठात बुडवून तळलेले मासे-भाज्या) दाखवतो, ते वाईट नसतं, पण हिगावारीत काय आहे हे मालकानं सकाळी बाजारात काय चांगलं आणि बेताच्या भावाचं दिसलं त्यावरून ठरवलेलं असतं. आम्ही ते एकदम मोठ्या प्रमाणात तयार करतो, त्यामुळं ताजं असतं आणि ऑर्डर दिल्यावर पाच-सात मिनिटांत समोर येतं. किचनमध्ये त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष त्याच एका पदार्थावर असतं हो, हे मी मनापासून सांगतो. ऑक्टोबरच्या आसपास हिगावारीत मोदोरी-गात्सुओ दिसला तर सोडू नका, उत्तरेकडून परत फिरलेला कात्सुओ (टुनाच्या घराण्यातला मासा), तेव्हा तो चांगला चरबीदार झालेला असतो. थंडीत बुरी (यलोटेल मासा) येतो, सोया सॉस आणि मिरिनमध्ये (स्वयंपाकाची गोड वाइन) परतलेला किंवा मुळ्याबरोबर शिजवलेला, त्या बुरी-दाइकोनमधला मुळा माशापेक्षा जास्त भाव खाऊन जातो.

आता तुमच्या बीफ-पोर्कबद्दल. हिगावारीत पोर्क यायची शक्यता भरपूर, शोगायाकी म्हणजे आल्याचं पोर्क हा तर तेइशोकुचा राजाच आहे. त्यामुळं आत शिरतानाच विचारायचं. "बुता तो ग्यूनिकु वा ताबेरारेमासेन", म्हणजे पोर्क आणि बीफ खात नाही, एवढं वाक्य पाठ करून ठेवा, उच्चार थोडे इकडंतिकडं झाले तरी समजतात. फक्त सरळसरळ दिसणाऱ्या मांसापुरतं बघू नका कारण लपलेलं खूप असतं. हाम्बागु म्हणजे बहुतेक ठिकाणी बीफ आणि पोर्कचा एकत्र खिमा. ग्योझा, म्हणजे मोमोसारखा प्रकार, पोर्कचा. कोरोक्के बटाट्याचं दिसतं पण आत खिमा असतो. पोटॅटो सॅलडमध्ये हॅमचे तुकडे. करीच्या रूमध्ये, म्हणजे करी घट्ट करायच्या तयार मसाल्यात, बीफ किंवा पोर्कची चरबी असते बऱ्याचदा. आणि मिसो सूपच्या जागी तोनजिरू देत असतील तर ते पोर्कचं सूप आहे, तेव्हा साधं मिसोशिरू मागा. चिकनमध्ये कराआगे, ओयाकोदोन (चिकन आणि अंडं भातावर) आणि चिकन नानबान हे तीन बिनधास्त, नानबान मूळचं मियाझाकीचं, तळलेलं चिकन गोड-आंबट रसात बुडवून वर टार्टर सॉस. फक्त तळणीचं तेल बहुतेक छोट्या दुकानांत एकच असतं, तेवढं सोवळं पाळत असाल तर भाजलेला मासा घ्या.

आणि भाजलेला मासा म्हणजे साबा शिओयाकी, यावर मी दोन शब्द जास्त बोलणार कारण माझं रोजचं काम तेच आहे. साबा हा आपल्या बांगड्याच्या घराण्यातलाच, पण मोठा आणि जास्त तेलकट, तेइशोकुच्या दुकानांत बराचसा नॉर्वेचा असतो, त्यात चरबी चांगली असते. दोन फाके करून मीठ भुरभुरवायचं, वीस-तीस मिनिटं तसाच ठेवायचा, मग वर जे पाणी सुटतं ते कागदानं नीट टिपून घ्यायचं. हे टिपणं ज्यानं टाळलं त्याच्या माशाला वास येतो, बाकी काही कारण नसतं. मग जाळीवर, कातडी फुगून ठिकठिकाणी काळपट होईपर्यंत. समोर आला की शेजारी किसलेल्या मुळ्याचा छोटा ढीग असेल, त्यावर, माशावर नाही, सोया सॉसचे दोन-चार थेंब टाकायचे आणि माशाच्या प्रत्येक घासाबरोबर थोडा थोडा मुळा उचलायचा, तेलकटपणा लगेच कापला जातो. कातडी खायची, टाकायची नाही. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला हे सांगावंच लागत नाही, काट्यांची सवय असते, पण तुम्ही पुण्याचे आणि फिलेवर वाढलेले असाल तर सांगून ठेवतो की मधल्या रेषेवर काटे असतात, चॉपस्टिकनं त्या रेषेवर दाबून मासा दोन भागांत उघडला की ते दिसतात. अख्खा मासा आला, म्हणजे अजी किंवा सानमा, तर वरची बाजू डोक्याकडून शेपटीकडं खात जायचं, मग काटा उचलून बाजूला ठेवायचा आणि खालची बाजू खायची, मासा पलटायचा नाही.

ट्रे समोर आला की आपल्या ताटासारखीच जागा ठरलेली असते, आपल्याकडं मीठ-लिंबू, चटणी-कोशिंबीर डावीकडं आणि भाजी उजवीकडं असते तसं इथं भात डाव्या हाताला, सूप उजव्या हाताला, मेन डिश मागं. जागा बदलू नका. भाताचा बाऊल आणि सूपचा बाऊल हातात उचलून खायचं, वाकून बाऊलकडं तोंड न्यायचं नाही. सूप चमच्यानं नाही, बाऊलला तोंड लावून प्यायचं, आतले तोफूचे तुकडे आणि वाकामे (समुद्री वनस्पती) चॉपस्टिकनं. मी म्हणेन पहिला घोट सूपचाच घ्या. चांगल्या दुकानात मिसो शेवटी, गॅस बंद करून घालतात, उकळू देत नाहीत कारण उकळला की त्याचा वासच उडतो, आणि तो वास पहिल्या दोन मिनिटांतच असतो. नंतर भात, मेन, लोणचं असं आलटून पालटून. भातावर सोया सॉस ओतू नका, मेन डिशची चव भातापुरती पुरेल अशीच केलेली असते. चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये पदार्थ द्यायचा नाही, दोन्ही गोष्टींचा संबंध अंत्यविधीशी आहे, तेवढ्या दोन पाळल्या तरी खूप झालं. चमचा-काटा मागितला तर कोणी नाक मुरडत नाही.

भात कमी हवा असेल तर ऑर्डर देतानाच "गोहान सुकुनामे दे" म्हणा, जास्त हवा तर "ओओमोरी". पुष्कळ ठिकाणी दुपारी ओओमोरीला पैसे लागत नाहीत पण आता भातामुळं हे दुकानागणिक बदललंय, दारावर लिहिलेलं असतं, फोनच्या कॅमेऱ्यानं ट्रान्सलेट करून घ्या. आणि घेतलेला भात संपवा, ही माझी कळकळीची विनंती, शितं उरलेला बाऊल आत आला की धुणाऱ्यालाही वाईट वाटतं.

वेळेचं गणित नीट लक्षात ठेवा. दुकानं अकरा-साडेअकराला उघडतात, दीड-दोनला लास्ट ऑर्डर, मग संध्याकाळपर्यंत बंद. बारा ते एक सगळं शिम्बाशी एकदम जेवायला बाहेर पडतं, त्या तासात रांगा असतात आणि अनोळखी माणसाबरोबर एका टेबलावर बसायला लागू शकतं, त्यात वावगं काही नाही, मान थोडी झुकवायची आणि बसायचं. तुम्हाला ऑफिसमधून जरा लवकर निघता आलं तर साडेअकराला पोचा, भात नुकताच शिजलेला असतो आणि हिगावारी संपलेली नसते. एकनंतर गेलात तर निवांत बसता येतं पण हिगावारी संपलेली असू शकते. बाराच्या गर्दीत जेवण झालं की उठा, बाहेर लोक उभे असतात, मोबाईल बघत बसणं इथं फार वाईट दिसतं. गप्पा मारायच्या तर नंतर कॉफी शॉपमध्ये.

जागांचं म्हणाल तर तुम्ही नशीबवान आहात, शिम्बाशी हा ऑफिसवाल्यांच्या दुपारच्या जेवणाचा बालेकिल्ला. स्टेशनच्या बाहेर वाफेचं इंजिन ठेवलेला चौक आहे (1872 साली जपानची पहिली रेल्वे शिम्बाशी ते योकोहामा अशीच सुरू झाली) त्याच्या समोरच न्यू शिम्बाशी बिल्डिंग आहे, 1971 ची, बाहेरून जुनाट दिसते, तिचं तळघर आधी फिरून या. स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला शिम्बाशी एकिमाए बिल्डिंग आहे, तिचंही तळघर तसंच. सात-आठ खुर्च्यांचं काउंटर, आत मालक आणि फार तर अजून एक माणूस, भिंतीवर हातानं लिहिलेले कागद, अशी जागा दिसली की शिरा. दुकान चकाचक नाही म्हणून बिचकू नका, आत ऑफिसचं आयडी गळ्यात घातलेली माणसं भरलेली दिसली की समजायचं. मात्र शनिवार-रविवारी या भागातली बरीच दुकानं बंद असतात कारण गिऱ्हाईक ऑफिसचंच. सुकिजीच्या मासळी बाजारात जाऊन मासे खायचा मोह सगळ्यांना होतो, शिम्बाशीहून चालत जाता येतं, पण घाऊक बाजार 2018 मध्येच तोयोसूला गेला, सुकिजीचा बाहेरचा बाजार आता बराचसा टुरिस्टांचा झालाय आणि भावही तसेच, एकदा बघायला जा, रोजच्या जेवणाला नको.

पहिल्या आठवड्यात धीर होत नसेल तर चेनमध्ये सुरुवात करा. यायोइकेन आणि मात्सुयामध्ये स्क्रीनवर इंग्रजी निवडता येतं, फोटो असतात, पैसे आधीच भरायचे असतात त्यामुळं बोलायचं कामच नाही. ओतोया जरा वरच्या भावाचं आहे, 1958 मध्ये इकेबुकुरोतल्या एका साध्या खानावळीपासून सुरू झालेलं, त्यांचा भाजलेला मासा चांगला असतो. काचेच्या कपाटात मेणा-प्लास्टिकचे हुबेहूब पदार्थ मांडलेले असतील तर वेटरला बाहेर बोलावून बोट दाखवलं तरी चालतं. जुन्या दुकानांत दाराशी तिकिटाचं मशीन असतं, आधी नोट, मग बटण, तिकीट आतल्या माणसाला द्यायचं. खिशात हजाराच्या नोटा आणि सुटी नाणी ठेवा कारण काही मशीन मोठ्या नोटा घेत नाहीत आणि जुलै 2024 मध्ये नवीन नोटा आल्या तेव्हापासून काही जुनी मशीन नवीन नोटाच ओळखत नाहीत, छोट्या दुकानांत कार्डही चालेलच असं नाही. आत बसून खाल्लं की टॅक्स दहा टक्के, बरोबर नेलं तर आठ, आणि 2021 पासून टॅक्ससकट किंमत लिहिणं सक्तीचं आहे, तेव्हा दोन आकडे दिसले तर मोठा तोच आपला. टिप द्यायची नाही, ठेवली तर मागं पळत येऊन परत देतील. पाणी किंवा चहा फुकट. रात्री इझाकायात, म्हणजे जपानी पबमध्ये, बसल्याबरोबर एक छोटी वाटी येते आणि तिचे तीनशे-पाचशे येन लागतात, ते दुपारी नसतं.

महिन्यातून एखाद्या दिवशी दीड हजार काढा आणि चांगल्या सुशीच्या दुकानात दुपारी जा. गिन्झा तुमच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे, तिथंही गल्लीबोळात, तळघरात लंचचा निगिरी (भाताच्या मुटक्यावर माशाचा काप) सेट दीड-दोन हजारात देणारी दुकानं आहेत, रात्री तिथं दहा हजाराखाली उठता येत नाही. सोबाच्या (बकव्हीटच्या नूडल्स) दुकानात गेलात तर शेवटी एका भांड्यात पांढरट गरम पाणी आणून ठेवतात, ते सोबा उकळलेलं पाणी, उरलेल्या रसात ओतून प्यायचं, बरेच परदेशी लोक ते तसंच ठेवून उठतात.

आता मिसेसचं. खरं सांगायचं तर प्युअर व्हेज माणसासाठी साधं तेइशोकुचं दुकान ही जागाच नाही, आणि कोणी "मांस काढून देतो" म्हणालं तरी विश्वास ठेवू नका, ते खोटं बोलत नसतात पण त्यांच्या हिशोबात दाशी धरलेली नसते. दाशी म्हणजे सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या कीसाचा आणि कोम्बू समुद्री वनस्पतीचा अर्क. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, सोबाचा रस, अंड्याचा रोल, इनारी सुशीचं तळलेल्या तोफूचं गोडसर वेष्टण, सगळीकडं तीच. नात्तोबरोबर (आंबवलेले सोयाबीन) जे छोटं सॉसचं पाकीट येतं त्यातही बहुधा मासा असतो. थंड तोफूवर कात्सुओचा कीस भुरभुरवतात, तो "कात्सुओबुशी नाशी" म्हणून काढायला सांगता येतो, मग तोफू, पांढरा भात, एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), काकडीचा रोल एवढं चालेल, पण ते काही जेवण नव्हे. त्यापेक्षा टोकियो स्टेशनच्या आत टीज तानतान म्हणून पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे तिथं न्या, आणि कोकोइची करीच्या बऱ्याच शाखांत वेगळा रू वापरून केलेली व्हेज करी मिळते. शोजिन र्योरी म्हणजे बौद्ध मठांतलं जेवण, त्यात मासा-मांस नसतं, कोम्बू आणि सुक्या मशरूमची दाशी, कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावर देवळात मुक्काम केलात तर ते उत्तम मिळेल, टोकियोत मिळतं पण या बजेटमध्ये बसत नाही. आणि वरण-भाताची आठवण आलीच तर निशि-कासाई, एदोगावा वॉर्डात, आपली माणसं भरपूर आहेत. 2019 मध्ये तिथल्या वॉर्डाच्या सभागृहात निवडून आलेले योगेंद्र पुराणिक पुण्याहूनच इकडं आले होते, त्या भागात इंडियन जेवणही आहे आणि किराणाही.

मिसेस डिसेंबरच्या शेवटी येणार असतील तर एक लक्षात ठेवा, छोटी दुकानं साधारण 29 डिसेंबर ते 3 जानेवारी बंद असतात, शिम्बाशीत तर शुकशुकाट असतो, तेव्हा ते पाच-सहा दिवस चेन, डिपार्टमेंट स्टोअर आणि मोठ्या स्टेशनांवरच भिस्त ठेवा, 1 जानेवारीला डिपार्टमेंट स्टोअरही बंद धरूनच चाला आणि थोडं सामान निशि-कासाईतून आधीच आणून ठेवा.